बाळाच्या गोधडीवर नाव कसे घालावे?

मराठवाड्यात मूल जन्माला आले की आजोळहून बाळंतविडा येतो. झबली, टोपडी, कुंची, दुपटी यांच्या जोडीला त्यात बहुधा एक लहानशी गोधडी असते. आजीचे वापरून मऊ झालेले लुगडे, मावशीची सुती साडी, आजोबांचे धोतर असे घरातले जुनेर एकावर एक अंथरून, धावदोऱ्याने टाचून ती तयार होते. चार-पाच वर्षांत मूल मोठे होते आणि ती गोधडी पाठच्या भावंडाच्या अंगावर येते किंवा माळ्यावर जाते. पुढे वीस-पंचवीस वर्षांनी ती बाहेर निघते तेव्हा घरात तीन प्रश्न पडतात. ही कोणाची? शिवली कोणी? आणि यातले लुगडे कोणाचे? उत्तर देऊ शकणारे माणूस पुष्कळदा तोपर्यंत राहिलेले नसते.

गोधडीवर नाव घालण्याची रीत आपल्याकडे फारशी रुजली नाही. बंगालमध्ये जुन्या साड्यांपासून बनणाऱ्या कंथांवर मात्र शिवणाऱ्या स्त्रियांनी आपली नावे टाक्यांत लिहून ठेवलेली आढळतात. कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयात मानदासुंदरी नावाच्या स्त्रीने आपल्या वडिलांसाठी शिवलेला एकोणिसाव्या शतकातील कंथा आहे. तिचे नाव आज ठाऊक आहे, ते तिने स्वतः ते कापडावर लिहिले म्हणूनच. अमेरिकेत १८४० च्या दशकात कापड न कुजवणारी पक्की शाई मिळू लागली आणि आप्तेष्टांच्या सह्या असलेल्या गोधड्यांची तेथे लाटच आली. आपल्या गोधड्या कष्टाने वा देखणेपणाने कमी नाहीत. उणीव आहे ती केवळ नावाची. ही उणीव एका दुपारच्या कामाने भरून निघू शकते. त्यासाठी भरतकाम येत असले पाहिजे असेही नाही.

नाव कधी घालावे?

बाळ जन्मण्याआधी त्याच्यासाठी फार तयारी करू नये, असा समज नांदेड-लातूरकडच्या अनेक घरांत आजही पाळला जातो. शिवाय मुलगा की मुलगी हे आधी कळत नाही आणि गर्भलिंगनिदान हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्यामुळे गोधडी आधी शिवून झाली, तरी नाव बारशानंतरच घालता येते. म्हणजेच आपल्याला तयार गोधडीवर काम करायचे असते, ही गोष्ट पद्धत निवडताना लक्षात ठेवावी.

कायद्यानेही नावासाठी अशीच जागा मोकळी सोडलेली आहे. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करावयाची असते. परंतु नोंदीत बाळाचे नाव नसेल तर ते बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येते. जन्मदाखल्यात नाव ज्या ऱ्हस्व-दीर्घासह लिहिले असेल, त्याच रूपात ते गोधडीवर घ्यावे. घाईने टाके घातले आणि नंतर ‘ईश्वरी’ची ‘इश्वरी’ झाल्याचे ध्यानात आले, तर उसवण्याचा त्रास मोठा असतो. घरातले हाकेचे नाव वेगळे असेल तर तेही घालण्यास हरकत नाही. छोटे आणि जोडाक्षर नसलेले नाव टाक्यांना सोपे जाते.

काय लिहावे?

केवळ बाळाचे नाव लिहून भागत नाही, कारण ते अन्य कागदपत्रांतही सापडणार असते. इतर कुठेही लिहिले जाणार नाही, ते गोधडीवर लिहावे. म्हणून दर्शनी बाजूस बाळाचे नाव आणि मागच्या बाजूस एका लहान पट्टीवर पुढील माहिती असावी: आईचे व वडिलांचे नाव, जन्माचे वर्ष, गाव, गोधडी शिवणाऱ्या व्यक्तीचे नाव, आणि कापड कोणाच्या अंगावरचे आहे ते. ‘आजीचे इरकल लुगडे, आजोबांचे धोतर’ एवढे चार शब्दही पुरतात.

१ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शासकीय दस्तऐवजांत आधी बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे व शेवटी आडनाव, असा क्रम महाराष्ट्र शासनाने बंधनकारक केला आहे. गोधडीवरही हाच क्रम ठेवल्यास उत्तम. शिवणारी बाई घरातली नसेल, पैसे देऊन गोधडी शिवून घेतली असेल, तरीही तिचे नाव तिला विचारून अवश्य लिहावे. धावदोऱ्याच्या शेकडो ओळी जिच्या बोटांनी घातल्या, तिचेच नाव त्या वस्तूवर नसावे हे बरे नव्हे.

जागा कोणती निवडावी?

बाळाची गोधडी साधारण अडीच ते तीन फुटांची असते. नाव मधोमध घालण्याचा मोह होतो, पण टाके कितीही मऊ असले तरी बाळाच्या गालाला आणि पाठीला ते टोचतात. म्हणून पायाकडचा कोपरा निवडावा. याचा आणखी एक लाभ असा की, नावाची बाजू पायाकडे हे एकदा ठरले की तोंडाकडची बाजू कायम तीच राहते आणि ती स्वच्छ ठेवणे सोपे जाते.

गोधडीची रोजची घडी जिथे पडते, त्या रेषेवर नाव येऊ देऊ नये. घडीवरचे दोरे लवकर झिजतात. काठाच्या शिवणीपासून किमान चार बोटे आत यावे. काठ फाटला आणि नवी पट्टी लावावी लागली तरी नावाला धक्का लागत नाही.

गोधडीच्या ओळी आणि देवनागरी अक्षर

भरतकामाच्या पुस्तकांत दिलेली अक्षरे बहुधा इंग्रजी असतात. देवनागरीचे गणित वेगळे आहे, आणि गोधडीवर ते अधिक सोपे आहे. गोधडीवर मुळातच धावदोऱ्याच्या समांतर ओळी असतात. दोन ओळींतले अंतर साधारण एका बोटाचे असते. यातलीच एक ओळ शिरोरेषा मानावी. तिच्या वरची एक ओळ वेलांट्या, मात्रा व रफार यांच्यासाठी, खालच्या दोन ओळी अक्षरासाठी आणि त्याखालची एक ओळ उकारांसाठी धरावी. शाळेच्या आखीव वहीप्रमाणे अक्षरे आपोआप एका उंचीची येतात. शिरोरेषेच्या ओळीवरून गडद रंगाच्या दोऱ्याने पुन्हा एकदा टाके घातले की निम्मे काम झालेले असते.

मात्र शिरोरेषा सलग ओढताना एक सावधगिरी हवी. ‘भ’ आणि ‘ध’ या अक्षरांच्या डोक्यावर शिरोरेषा तुटलेली असते. ती भरून टाकली तर ‘भ’चा ‘म’ आणि ‘ध’चा ‘घ’ होतो. ‘भाग्यश्री’चे ‘माग्यश्री’ आणि ‘धनश्री’चे ‘घनश्री’ व्हायला एक जादा टाका पुरतो. ‘थ’चेही तसेच, डोक्याकडची गाठ नीट काढली नाही आणि वरची रेघ सलग ओढली, तर तो ‘य’ वाचला जातो. ‘ख’ लिहिताना त्याचे खालचे टोक पुढच्या दांड्याला जोडावे, अन्यथा ‘रव’ असे दिसते.

जोडाक्षरांना जागा अधिक लागते. ‘प्रज्ञा’, ‘कृष्णा’, ‘श्रेया’ ही नावे आधी कागदावर हव्या त्या आकारात लिहून, हात लांब करून पाहावीत. दुरून वाचता आली तरच टाक्यांतही वाचता येतील. टाक्याची लांबी आणि अक्षराची उंची यांचेही प्रमाण असते. धावदोऱ्याचा टाका चार-पाच मिलिमीटरचा असतो, त्यामुळे अक्षर किमान चार सेंटिमीटर उंच हवे. दोन मिलिमीटरची बारीक उलटी टीप घालणाऱ्यांना दोन सेंटिमीटरचे अक्षरही साधते.

नाव गिरवण्यासाठी शिंप्याचा खडू पुरेसा आहे. गडद कापडावर पिवळ्या कार्बनने छाप उतरवता येतो. बॉलपेन वापरू नये. त्याची शाई धुतल्यावर पसरते.

सोप्या पद्धती

*१. धावदोरा आणि उलटी टीप.* सर्वांत कमी साहित्याची ही पद्धत. शिरोरेषा धावदोऱ्याने आणि अक्षरे उलट्या टिपेने घालावीत. उलट्या टिपेत टाक्यांमध्ये खंड पडत नाही, त्यामुळे वळणे स्पष्ट दिसतात. अँकरच्या लडीत सहा पदर असतात. त्यातील तीन पदर घेतल्यास रेषा ठसठशीत येते आणि सुई ओढणेही जड जात नाही. सुई सर्व थरांतून आरपार नेली तर मागच्या बाजूस नाव उलटे उमटते. ते नको असेल तर केवळ वरच्या एक-दोन थरांतून टाके घ्यावेत. दोऱ्याची गाठ बाहेर न ठेवता सुई थरांच्या मधून दोन बोटे पुढे नेऊन दोरा आतच सोडावा.

*२. साखळी टाका.* गोल वळणांच्या अक्षरांसाठी हा टाका सर्वांत सोयीचा. ‘क’, ‘ळ’, ‘ह’, ‘इ’ यांची वळणे साखळीने सुरेख येतात. कड्या लहान ठेवाव्यात. मोठ्या कड्यांत बाळाची बोटे अडकतात, आणि एक कडी तुटली की पुढची साखळी सुटत जाते.

*३. मॅटीची पट्टी.* मॅटीच्या कापडावर फुलीचे टाके घालून तोरणे आणि उशांचे अभ्रे केलेल्या स्त्रिया आजही घरोघरी आहेत. त्यांच्यासाठी हा मार्ग उत्तम. चौकटीच्या कागदावर नाव आखावे, एका चौकटीला एक फुली या हिशेबाने मॅटीवर भरावे, कडा आत दुमडून पट्टी गोधडीवर तुरपून टाकावी. काम मांडीवर बसून सुट्या पट्टीवर होते, जाड गोधडी हाताळावी लागत नाही. चुकले तर पट्टी बदलता येते.

*४. खादीची पट्टी.* मागच्या बाजूच्या माहितीसाठी पांढऱ्या खादीचा तळहाताएवढा तुकडा घ्यावा. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचे नाव राष्ट्रध्वजाच्या खादीसाठी देशभर परिचित आहे आणि त्या ध्वजाचे कापड लातूर जिल्ह्यातील उदगीरच्या केंद्रात विणले जाते. आपल्याच भागातील खादी बाळाच्या गोधडीला लावण्यात औचित्यही आहे. कापड आधी एकदा धुऊन घ्यावे, म्हणजे नंतर आटून सुरकुत्या पडत नाहीत. लिहून झाल्यावर चारही कडा तुरपाव्यात.

*५. कापडी अक्षरे.* ज्या लुगड्याची गोधडी, त्याच्याच काठातून अक्षरे कापून वर शिवता येतात. अक्षर कापताना चारी बाजूंनी अर्धा सेंटिमीटर कापड जास्त ठेवून ते आत दुमडावे. देवनागरीत प्रत्येक अक्षर वेगळे कापण्यापेक्षा शिरोरेषेची एक लांब पट्टी आधी शिवून तिला अक्षरे खाली जोडत जाणे सोपे. ही पद्धत दोन-तीन अक्षरी नावांना शोभते. ‘मीरा’, ‘आरव’, ‘जुई’ यांना छान, ‘ज्ञानेश्वरी’ला अवघड.

*६. दोरी बसवणे.* जाड सुती दोरी किंवा बारीक नाडी अक्षराच्या रेषेवर ठेवून तिला वरून आडवे बारीक टाके घालत जावे. ज्यांना भरतकाम येत नाही त्यांनाही हे जमते, कारण लेखणीने रेघ ओढावी तशी दोरी वळवायची असते. आडवे टाके अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा दूर नसावेत आणि दोरीची दोन्ही टोके कापडाच्या आत जावीत.

*७. मशीनचे भरतकाम.* नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी करून देणारी दुकाने आहेत. पाच-सहा थरांची गोधडी मशीनच्या चौकटीत नीट बसत नाही, म्हणून नाव सुट्या सुती पट्टीवर करून घ्यावे. नमुना मंजूर करताना जोडाक्षर संगणकावर फुटले नाही ना, वेलांटी योग्य जागी आहे ना, हे स्वतः पाहावे. मशीनच्या भरतकामामागे लावलेले कडक अस्तर टोचते. ते कापून कमी करावे आणि पट्टीची मागची बाजू गोधडीकडे येईल असे शिवावे.

नाव अन्य लिपीत असेल तर

नांदेड-लातूरच्या घरांत एकच भाषा नांदत नाही. देगलूर, बिलोली, धर्माबाद भागात तेलुगू आणि उदगीर, देवणी, निलंगा भागात कन्नड कानी पडते. नांदेडला श्री हजूर साहिब गुरुद्वाऱ्यामुळे पंजाबी आहे आणि दोन्ही जिल्ह्यांत उर्दू बोलणारी असंख्य कुटुंबे आहेत. आजोळ एका भाषेचे आणि घर दुसऱ्या भाषेचे असेल तर दोन्ही लिप्यांत नाव घालावे.

गुरुमुखीलाही शिरोरेषा असते, त्यामुळे देवनागरीची पद्धत तिला जशीच्या तशी चालते. तेलुगू आणि कन्नड अक्षरे गोलाकार आहेत. त्यांना साखळी टाका किंवा दोरीची पद्धत घ्यावी. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, म्हणून टाक्यांची सुरुवातही उजव्या बाजूने करावी. नुक्त्यांसाठी घट्ट गाठीचा टाका घालावा आणि तो मोजून घालावा. ‘बे’ला खाली एक, ‘पे’ला खाली तीन आणि ‘ते’ला वर दोन नुक्ते असतात, एक निसटला की नाव बदलते. गाठ सुटण्याची भीती वाटत असेल तर नुक्त्याच्या जागी दोन-तीन बारीक टाके एकावर एक घ्यावेत.

शाई, रंग आणि बिब्बा

ज्यांना सुई धरणे शक्य नाही त्यांच्यासाठी कापडावर लिहिण्याचे पेन आणि कापडाचे रंग आहेत. हे दोन्ही सुट्या पट्टीवर वापरावेत. पट्टीखाली बारीक सँडपेपर ठेवल्यास लिहिताना कापड सरकत नाही. रंग वाळल्यानंतर पाकिटावरील सूचनेप्रमाणे मागच्या बाजूने इस्त्री फिरवावी, तरच तो टिकतो. पट्टी पॉलिस्टरच्या साडीची असेल तर गरम इस्त्रीने ती वितळते, म्हणून सुती कापडच घ्यावे.

जुन्या पिढीतील कोणी बिब्ब्याची आठवण काढण्याची शक्यता आहे. किनवट-माहूरकडच्या जंगलात आढळणाऱ्या या झाडाच्या फळाचा रस चुन्याच्या साहाय्याने कापडावर पक्की काळी खूण उमटवतो आणि धोबी पूर्वी कपडे ओळखण्यासाठी तो वापरत. परंतु हा रस त्वचेला अतिशय दाहक असतो. बिब्बा उतला की अंगावर फोड येतात, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. बाळाच्या कपड्याला तो कदापि लावू नये.

बाळाची सुरक्षितता

तीन वर्षांखालील मूल हाताला लागेल ती वस्तू तोंडात घालते. त्यामुळे नाव सजवण्यासाठी मणी, टिकल्या, घुंगरू, बटणे लावू नयेत. बंजारा तांड्यांवरील भरतकाम हे आपल्या भागाचे वैभव आहे. त्याच्या टाक्यांची नक्षी नावाभोवती जरूर घ्यावी, पण आरसे आणि कवड्या बाळाच्या गोधडीसाठी टाळाव्यात. रिबिनीची लोंबती टोके, गोंडे आणि सैल दोरे बोटांभोवती गुंडाळले जातात, तेही नकोत.

काम संपल्यावर सुया आणि टाचण्या मोजाव्यात. सुरू करताना किती घेतल्या होत्या हे लिहून ठेवले तर शंका राहत नाही. गोधडीच्या थरांत हरवलेली सुई डोळ्यांना दिसत नाही. एखादे लोहचुंबक वरून फिरवून पाहावे.

पहिल्या वर्षात बाळ झोपलेले असताना तोंडावर ओढले जाईल असे सैल किंवा जड पांघरूण जवळ ठेवू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. या वयात गोधडी बाळ जागे असताना खाली अंथरायला, मांडीवर घ्यायला वापरावी. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जाणाऱ्या आपल्या भागात तर जाड पांघरुणाची गरजही नसते.

धुणे आणि जपणे

नावासाठी निवडलेला दोरा पक्क्या रंगाचा आहे ना, हे आधी तपासावे. ओल्या पांढऱ्या फडक्यात दोरा दाबून चोळावा. फडक्याला रंग लागला तर तो दोरा वापरू नये. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने कच्चा रंग पक्का होतो असा समज आहे, पण त्यावर विसंबू नये. लाल आणि काळ्या दोऱ्यांची तपासणी विशेष करावी.

जाड गोधडी धुण्यास पाणी पुष्कळ लागते. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा भागात बाळाची गोधडी रोज धुणे परवडणारे नाही. तिला पातळ सुती खोळ शिवावी आणि धुण्यासाठी खोळच काढावी. नाव खोळीवर न घालता गोधडीवरच असू द्यावे, कारण खोळी बदलत राहतात. गोधडी धुतल्यावर नावाची बाजू खाली करून वाळवावी, म्हणजे कडक उन्हाने दोरा फिका पडत नाही.

ठेवणीत टाकताना प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी सुती कापडात गुंडाळावी, कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा आणि वर्षातून एकदा घडी बदलावी. डांबरगोळ्या मात्र टाळाव्यात. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एका विकराची कमतरता असते. डांबरगोळ्यांचा वास लागलेल्या कपड्यांमुळे अशा नवजात बाळांच्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. डांबरगोळ्यांत ठेवलेली जुनी गोधडी घरात असेल तर ती अनेकदा धुऊन, उन्हात वाळवून, वास पूर्ण गेल्याखेरीज बाळाला देऊ नये.

पाठचे भावंड आणि पुढचा प्रवास

गोधडी दुसऱ्या बाळाला देताना पहिल्याचे नाव उसवू नये. त्याच्या खाली नवे नाव आणि वर्ष घालावे. म्हणूनच पहिले नाव घालताना खाली तीन-चार ओळींची जागा मोकळी ठेवणे शहाणपणाचे. ठिगळ लावायची वेळ आली तर ठिगळाचे वर्षही मागच्या पट्टीवर नोंदवावे.

नावाचा उपयोग पुढेही होतो. ‘लातूर पॅटर्न’मुळे अकरावी-बारावीसाठी बाहेरगावची हजारो मुले लातुरात येतात. नांदेडच्या शिकवण्यांसाठीही तशीच येतात. वसतिगृहातल्या एका खोलीत सारख्याच दिसणाऱ्या वळकट्या असतात. घरून आणलेली गोधडी तेथे नावामुळे ओळखू येते, हा झाला व्यवहार. पण मागच्या पट्टीवर आजीचे नाव असेल, तर पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या उशाशी रात्री ते असते, ही बाबही लहान नाही.

आजी हयात असेल तर हे काम पुढे ढकलू नये. तिला जवळ बसवून गोधडीतला एकेक तुकडा विचारून घ्यावा. हा कोणाच्या लग्नातला, हा कोणत्या सणाचा, हे धोतर कोणाचे, हे तिच्याइतके कोणालाच सांगता येणार नाही. तिने सांगावे आणि घरातल्या कोणीतरी कागदावर उतरवून घ्यावे. त्यातले चार शब्द निवडून खादीच्या पट्टीवर घालावेत, उरलेला कागद घडी करून बाळाच्या जन्मदाखल्याबरोबर ठेवावा. तिला लिहिता येत नसेल, तर पट्टीच्या एका कोपऱ्यात तिच्या हातचे चार टाके घालून घ्यावेत. नावाशेजारी तीच तिची सही.